पडत्या झाडाची आज्ञा

सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढून आले, आणि ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्यांमधून पोफळी आणि माड एकामागून एक आडवे होत असता, आमच्या घरामागच्या चढावरील जुना रायवळ आंबाही त्या दुपारी केव्हा तरी मुळांसकट उलथून पडला. ‘केव्हा तरी’ असे म्हणण्याचे कारण इतकेच की, सात हात घेराचे ते खोड जमिनीवर आदळल्याचा आवाज घरातल्या आम्हां पाच माणसांपैकी एकालाही ऐकू आला नाही. त्या वेळी जगातला सगळा आवाज वाऱ्याने आपल्याकडे जमा करून घेतला होता. झाड गेल्याचे आम्हांला कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मागील दार उघडल्याबरोबर स्वयंपाकघरात चुलीच्या वैलापर्यंत शिरलेल्या उजेडामुळे. त्या कोपऱ्यात दिवसाउजेडी एवढे स्वच्छ दिसते हे माझ्या पंचाऐंशी वर्षांच्या आईलाही ठाऊक नव्हते.

मराठीत ‘पडत्या फळाची आज्ञा’ असा एक मार्मिक वाक्प्रचार आहे. मनातून जे करावयाचे असतेच, त्यास कोणी सहज रुकार दिला की तीच आज्ञा समजून माणूस कामाला लागतो, असा त्याचा भाव. पडलेल्या झाडाविषयी आपली वृत्ती नेमकी अशीच असते. विचारपूस करण्यास आलेल्या शेजाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी जाता जाता सांगितले की, झाले ते वाईट झाले, पण वर्षाच्या जळणाची बेगमी दारात चालून आली. वीज गेलेली, पाण्याचा पंप बंद, गॅसची गाडी केव्हा येईल याचा नेम नाही. अशा वेळी घरामागे आडवा पडलेला वृक्ष म्हणजे साक्षात सरपणाचे कोठार वाटावे, हे स्वाभाविकच होते. तिसऱ्या दिवशी कातकरीवाडीवरचा आमचा नेहमीचा लाकूडतोड्या म्हातारबा आला, झाडाभोवती दोन फेऱ्या घालून मुळांशी थोडा वेळ उकिडवा बसला, आणि म्हणाला, “भाऊ, झाड पडलं हाय, पन अजून बसलं नाय. बसू द्या त्याला.” झाडाने आज्ञा दिली होती खरी, परंतु ती कोणती हे समजून घेण्यास आम्हांला पुढले अकरा महिने लागले.

सर्वांत प्रथम प्रश्न येतो तो मालकीचा. झाड पडले की ते ज्याच्या हाती कुऱ्हाड त्याचे, हा समज आपल्या मुलखात फार जुन्या काळापासून खोटा ठरविलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणी लाकडासंबंधी सविस्तर ताकीद आहे. आंबा, फणस हीही झाडे आरमाराच्या कामाची खरी. परंतु ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी बहुत काळ वाढविलेली असतात, तेव्हा त्यांस हात लावू देऊ नये. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच त्याच्या धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे, जबरदस्ती करू नये, असा त्या ताकिदीचा आशय आहे. ज्याचे दिवस भरले अशा झाडाच्या बाबतीतही दौलतीने धन्याची संमती विचारावी, ही त्यातील दृष्टी आजच्या कायद्याच्या भाषेहून अधिक माणुसकीची वाटते.

आजचा कायदाही या बाबतीत अगदीच मुका नाही. ग्रामीण भागात खासगी जमिनीवरील वृक्षतोडीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ हीही नावे आहेत, आणि ती झाडे सातबारा आपल्या नावचा असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. रस्त्याकडेचे झाड सार्वजनिक मालकीचे आणि वनातले झाड सरकारचे, ते वाऱ्याने पडल्याने कोणाच्या घरचे होत नाही. शिवाय लाकूड हमरस्त्यावरून न्यावयाचे झाले की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालचे वाहतुकीचे नियम पुढे उभे राहतात. कोणत्या जातीस परवाना लागतो आणि कोणत्या जातीस सूट आहे, हे वेळोवेळी बदलत असल्यामुळे वनखात्याच्या कचेरीत आधी जाऊन विचारणे, हाच शहाणपणाचा शिरस्ता होय. वादळाने पडलेले झाड कोणी तोडलेले नसते, ही गोष्ट खरी. परंतु ते वादळानेच पडले हे उद्या सिद्ध करण्यास आजचा पंचनामा उपयोगी पडतो. आमच्या वाडीत तलाठी आले तेव्हा मोडलेल्या पोफळी मोजण्यातच त्यांची दुपार गेली, आणि आंब्याच्या वाट्यास कागदावर अर्धी ओळ आली. तेवढी ओळ पडेपर्यंत खोडास करवत लावू नये, एवढे आम्ही पाळले.

आता म्हातारबाच्या ‘बसू द्या’ या शब्दांकडे वळू. उभे झाड आपला भार सरळ जमिनीत उतरविते. पडलेल्या झाडाचा भार मात्र जागोजाग अडकून राहिलेला असतो. खोडाचे एक टोक उपटलेल्या मुळांच्या थाळ्यावर, दुसरे मोडक्या फांद्यांच्या कुबड्यांवर, आणि मधला भाग अधांतरी, अशी त्याची अवस्था असते. आणि फांद्यांपैकी काही जमिनीत रुतून धनुष्याप्रमाणे वाकलेल्या असतात. दोन दगडांवर टेकविलेल्या वाशावर मध्यभागी कोणी बसले म्हणजे वाशाची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. उलट वाशाचे एकच टोक भिंतीत असून दुसरे मोकळे लोंबत असेल, तर वरची बाजू ताणली जाते आणि खालची दबते. पडलेल्या झाडाच्या प्रत्येक अवयवात यांपैकी एक प्रकार लपलेला असतो, आणि करवत चालविणाऱ्याचे सारे शास्त्र तो प्रकार आधी ओळखण्यात आहे. दबलेल्या बाजूने कापीत गेले की चीर मिटते आणि करवत लाकडाच्या जबड्यात अडकते. ताणलेल्या बाजूने एकदम खोल कापले की लाकूड मोठ्याने फाटते, आणि त्याची फाळ माणसाच्या अंगावर येते. म्हणून जाणता माणूस प्रथम दबलेल्या बाजूने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप घेतो आणि मग ताणलेल्या बाजूने येऊन तो पुरा करतो.

हे सर्व मला आज इतक्या सफाईने सांगता येते, याचे श्रेय माझ्या पुतण्याच्या एका उतावळेपणास आहे. पुण्याहून येताना त्याने भाड्याची यांत्रिक करवत, म्हणजे गावच्या भाषेत ‘मशीन’, आणली होती. आणि म्हातारबा तंबाखू मळीत बसला आहे तोवर, दोन बाजूंनी टेकलेल्या एका मांडीएवढ्या फांदीवर त्याने ती वरून चालविली. अर्ध्या फांदीपर्यंत भुसा कारंजासारखा उडाला. मग फांदी किंचित बसली, चीर मिटली, साखळी जागच्या जागी थिजली आणि मशीन बंद पडले. दोघांनी ओढूनही ते निघेना. म्हातारबाने काही न बोलता फांदीच्या खालच्या अंगास कुऱ्हाडीची पाठ लावून पाहिली, दोन दगड सरकवून एक वासा टेकूसारखा रोवला, त्यावर पहार देऊन फांदी तीन बोटे उचलली, आणि मशीन पिकल्या फळासारखे सुटून पुतण्याच्या हाती आले. मग तंबाखूची चिमूट तोंडात टाकून तो म्हणाला, “लाकडाला कुठं दुखतंय त्ये आधी बगावं.” यंत्र काय, कुऱ्हाड काय, दोहोंनाही हाच नियम लागू आहे, यंत्राच्या बाबतीत एवढेच अधिक की, त्याच्या पात्याचे वरचे टोक कठीण लाकडास टेकले तर ते उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आणि त्याला सावरण्यास वेळ मिळत नाही.

याहून मोठा धोका मुळांकडे असतो. उलथलेल्या झाडाचा मातीसह उभा राहिलेला मुळांचा थाळा खोडाच्या वजनामुळे तसा तोललेला असतो. खोड त्याच्याजवळ कापून वेगळे केले की तो तोल जातो, आणि कित्येक खंडी वजनाची ती मुळे व माती एका क्षणात परत आपल्या खड्ड्यात जाऊन बसते. ज्या खड्ड्यात पोरे दोन दिवस लपंडाव खेळली होती, त्या खड्ड्याभोवती म्हातारबाने पहिल्याच दिवशी काटेरी डहाळ्यांचे कुंपण घातले, ते याकरिता. कापण्याचा क्रमही यातूनच ठरतो: आधी शेंड्याकडच्या डहाळ्या, मग भार न पेलणाऱ्या फांद्या, मग टेकूसारख्या रुतलेल्या फांद्या एकेक करून, मग खोड शेंड्याकडून बुडख्याकडे, आणि सर्वांत शेवटी मुळांजवळचा काप. उतारावर काम असल्यास माणसाने नेहमी चढाच्या अंगास उभे राहावे; कारण आधार सुटलेला ओंडका कोणत्या दिशेस जाईल, याविषयी त्याचा आणि पृथ्वीचा करार आधीच झालेला असतो.

जूनमध्ये आम्ही केवळ फांद्याच दूर केल्या. पाला गुरांपुढे आणि डहाळ्या कुंपणास गेल्या. हेच झाड माघ-फाल्गुनात पडते तर ती पालवी आणि बारीक कवळ भातरोपांच्या राबावर पसरून भाजता आली असती. पण वादळाने आमच्या शेतीचे पंचांग पाहिले नव्हते. खोडाला मात्र पाऊस सरेपर्यंत हात लावू नये, असे ठरले. कोकणच्या पावसाळ्यात तीन मीटरांहून अधिक पाणी आभाळातून येत असता त्या हवेत फोडलेले लाकूड वाळण्याऐवजी बुरसून जाते; आणि आंब्याचे लाकूड सागासारखे टिकाऊ नसल्यामुळे वाळवी, भुंगे आणि अळंबी त्यावर लवकर तुटून पडतात. अखंड खोड, साल शाबूत ठेवून, पहारीने थोडे थोडे उचलून खाली दगड सारले की ओल्या जमिनीपासून सुटते आणि चार महिने बऱ्यापैकी तग धरते. तेवढेच आम्ही केले, आणि दसऱ्याची वाट पाहिली. तोवर आंब्याच्या सालीवर शेवाळ आले, एका खोबणीत बेडकाने बिऱ्हाड केले, आणि उपटलेल्या मुळांपैकी दोन जमिनीत अजून गुंतलेली असल्यामुळे त्या पडलेल्या झाडाने श्रावणात चार तांबूस पालव्याही फोडल्या.

कार्तिकात करवत लागली. खोड किती जड असते याची कल्पना पुष्कळांस नसते, म्हणून थोडे गणित करू. सात हात घेर म्हणजे सुमारे एक मीटर व्यास. फांद्या फुटेपर्यंतचे खोड तीन मीटर लांब धरले, तर त्याचे आकारमान सव्वादोन घनमीटरांहून अधिक भरते, आणि ओल्या आंब्याच्या लाकडाचे वजन पाहता एवढा एकच तुकडा दोन टनांच्या घरात जातो. चांगली बैलजोडी सपाट रस्त्यावर गाडीतून फार तर एक टन ओढील. तेच खोड हातभर लांबीच्या चकत्यांत कापले की प्रत्येक चकतीचे वजन तीनशे किलोंच्या आसपास उतरते. आणि प्रत्येक चकतीच्या बारा-पंधरा फाळ्या केल्या म्हणजे तीच वस्तू एका स्त्रीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर बसण्याजोगी होते. यास्तव मोठा वृक्ष घरी आणणे म्हणजे त्यास उचलण्याची शक्ती मिळविणे नव्हे. उचलणाऱ्याच्या बेताचा होईपर्यंत त्यास लहान करीत जाणे होय. मात्र लांबी चुलीवरून ठरवावी. चुलीस हातभर लाकूड चालते, न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबास वीतभर ढलप्याच लागतात. आणि घरी आल्यावर पुन्हा करवत काढावी लागली, तर पहिली मेहनत निम्मी फुकट गेली असे समजावे.

जाड खोडासाठी म्हातारबाने मशीन बाजूस ठेवविले, कारण त्याचे पाते खोडाच्या व्यासास पुरत नव्हते, आणि आपली जुनी, दोघांनी ओढावयाची लांब करवत काढली. या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वळविलेले असतात, त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते आणि पाते मोकळे फिरते. ओल्या आंब्याचा चीक पात्यास धरू लागला की रॉकेलचा बोळा फिरवावा लागतो. तिचा एकच दंडक आहे: प्रत्येकाने केवळ ओढावयाचे, ढकलावयाचे कधीच नाही. ढकलले की पाते वाकते. ओढले की समोरच्याचा हात आपोआप पुढे येतो. माझ्या शहरी हातांना हे उमगण्यास अर्धा दिवस लागला, आणि तोवर म्हातारबाला माझे वजनही करवतीबरोबर ओढावे लागले. चीर वीतभर खोल गेली की तीत मागून लाकडी पाचर हलकेच ठोकायची, म्हणजे ती मिटत नाही. व्यवहारात ‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे. करवतीपाशी मात्र पाचरच काम चालते ठेवते. ही पाचर खैराची असावी, कारण तो फुटत नाही. पंचतंत्रातला उपद्व्यापी वानर ज्या अर्धवट फाडलेल्या खांबातून पाचर उपटून प्राणास मुकला, त्यातली पाचरही खैराचीच असल्याचे त्या कथेत सांगितले आहे. विष्णुशर्म्याने सुतारांचे काम जवळून पाहिले असले पाहिजे.

कापलेली चकती आठ-दहा दिवस तशीच पडू दिली, तर तिच्या तोंडावर मध्यापासून परिघाकडे जाणाऱ्या रेषा उमटतात. यामागे लाकडाचा एक स्वभाव आहे. वाळताना ते लांबीत जवळजवळ आटतच नाही; मध्यापासून सालीकडे थोडे आटते, आणि परिघाच्या दिशेने त्याच्या जवळपास दुप्पट आटते. या विषम आटण्याचा ताण कोठे तरी सुटला पाहिजे, म्हणून चकती सूर्यकिरणांसारखी तडकते. फोडणाऱ्याने नवी वाट काढण्याच्या भरीस न पडता लाकडाने दाखविलेल्या याच तड्यांवर पाचर ठेवावी. प्रथम कडेच्या फाळ्या काढाव्यात, गाभा शेवटी घ्यावा. सागाच्या खोडात या तड्यांना छेदणारी वर्षवलये स्पष्ट मोजता येतात. आंब्यात ती तशी भरवशाची नसतात, म्हणून आमच्या झाडाचे वय आम्हांला करवतीनंतरही कळले नाही. घणाचा आवाज मात्र बोलका असतो: पाचर लागू पडली की ठण्ण असा मोकळा नाद येतो आणि मागोमाग कापड टरकावे तसे लाकूड उकलते, गाठीवर बसली की नाद बद्द होतो, आणि त्या ठिकाणी हट्ट करणाऱ्याचा घणाचा दांडाच आधी मोडतो.

आमचे झाड घरापासून पाव मैलावरही नव्हते, परंतु मध्ये एक गडगा, एक पऱ्ह्या आणि बैलगाडी न मावणारी पाणंद होती. पूर्वी अशा जागी बैलांस साखळदंड जुंपून अखंड ओंडके ओढून आणीत, आणि ओंडक्याचे पुढचे टोक जमिनीत रुतू नये म्हणून ते एखाद्या बेचक्याच्या फांदीवर चढवून तिलाच घसरगाडी करीत. आता गावात बैलजोड्याच थोड्या उरल्या. तेव्हा जे जड होते ते आडव्या रुळांवरून, मागील रूळ पुढे आणीत आणीत, पहारीने ढकलून गडग्यापर्यंत आणले. जे मध्यम होते ते वाशास दोर बांधून दोघांच्या खांद्यांवरून आले. आणि फाळ्यांच्या मोळ्या कातकरीवाडीच्या बायकांनी डोक्यावरून आणल्या. वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन त्या पऱ्ह्यातल्या शेवाळल्या दगडांवरून अशा काही चालत की, मान आणि कंबर यांमध्ये एक अदृश्य ओळंबा लावलेला असावा. मजुरी रोख ठरली होती. शिवाय शिरपुटे आणि ढलप्या ज्याने उचलल्या त्याच्या, असा जुना रिवाज आहे, तोही पाळला गेला. पाच दिवसांत चढ मोकळा झाला.

इतके झाल्यावरही घरी आलेली वस्तू सरपण नसते. ताज्या लाकडाच्या वजनात पुष्कळदा निम्मा हिस्सा पाण्याचा असतो. शंभर किलो ओल्या लाकडात पन्नास किलो पाणी धरले, आणि ते वाळून पाण्याचे प्रमाण शेकडा वीसवर आले, तर तेच लाकूड साडेबासष्ट किलो भरते; म्हणजे साडेसदतीस किलो पाणी हवेत गेलेले असते. वखारीत लाकूड मणावर विकले जाई त्या काळी शहाणा गिऱ्हाईक दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाही, त्याचे मर्म हेच: वाळलेले लाकूड खणखणते, ओले बद्द बोलते, आणि ओले घेणारा लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो. शिवाय एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सहाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता लागते, ती लाकडानेच पुरवायची. त्यातून आच मंदावते, लाकडातून सुटणारे वायू पुरते पेट न घेताच धूर होऊन बाहेर पडतात, आणि तो धूर फुंकणी धरून बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. ओल्या लाकडाचा खरा तोटा तिच्या पदरी पडतो, आणि तो कोणत्याही जमाखर्चात मांडला जात नाही.

लाकडातले पाणी तंतूंच्या दिशेने झपाट्याने आणि आडव्या दिशेने फार सावकाश बाहेर पडते. म्हणून आखूड कापलेले आणि फोडलेले लाकूड एका उन्हाळ्यात वाळते, तर सालीसकट पडलेला ओंडका दोन वर्षांनीही आतून ओला निघतो. रचताना खाली दगडांवर दोन वासे टाकावेत, एक थर उभा तर दुसरा आडवा घालावा, मधून वारा खेळता ठेवावा, वरून झावळ्यांचे छप्पर करावे, आणि बाजू उघड्या सोडाव्यात. रचीत असता आई पडवीतून कोणते लाकूड कोठे जावे हे सांगत होती. ऐन आणि सुरू यांचा निखारा टिकतो, म्हणून ते भाकरीला; आंबा लवकर पेटतो आणि लवकर सरतो, म्हणून तो पाण्याला; सोडणे आणि करवंट्या पेटवणाला; आणि बिब्ब्याचे लाकूड चुकूनही मोळीत येऊ द्यायचे नाही, कारण त्याच्या नुसत्या धुराने अंग सुजते. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील, आणि तिघांच्याही चिकाचा थोडाफार उपद्रव होतो, हे वनस्पतिशास्त्र तिला कोणी शिकविले नव्हते. अनुभवाने मात्र पक्के ठाऊक होते.

सहा महिने ती रास उन्हात तडकत राहिली. कधी दुपारच्या शांततेत तिच्यातून ‘टच्’ असा आवाज येई, आणि आणखी एका फाळीने आपले पाणी सोडले हे कळे. २०२१ च्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी लाकडे आत घेण्याचा दिवस ठरवीत असतानाच, अरबी समुद्रात ‘तौक्ते’ चक्रीवादळ निर्माण झाल्याची वर्दी आली; मग दिवस ठरविण्याचे काम आमच्याकडे राहिले नाही. दोन दिवसांत साऱ्या घराने हाती लागेल त्या टोपलीतून ती रास पडवीत आणि माळ्यावर नेली. १६ मेच्या रात्री ते वादळ कोकणच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत असता वीज गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बंबात आंब्याच्या चार ढलप्या घातल्या. त्या धूर न करता पेटल्या, आणि बंबातले पाणी आमचे दात घासून होण्यापूर्वी कढत झाले. एका वादळाने पाडलेले झाड दुसऱ्या वादळात असे कामी आले. मधले अकरा महिने त्याच्या मर्जीप्रमाणे थांबलो होतो, म्हणूनच.

एक तुकडा मात्र जळणात गेला नाही. खोडाला जेथे तीन मोठ्या फांद्या फुटल्या होत्या, त्या सांध्यातले तंतू एकमेकांत असे गुंतले होते की, म्हातारबाच्या दोन खैरी पाचरी त्यात चेंबल्या आणि पुतण्याच्या मशीनची साखळी तेथे बोथटली. शेवटी तो रुळांवरून लोटीत परसात आणला आणि तसाच उभा ठेवला. “ह्यो फुटायचा नाय, भाऊ,” म्हातारबा म्हणाला, “ह्याच्यावर फोडायचं.” तेव्हापासून घरातली सर्व लाकडे त्याच ठोकळ्यावर ठेवून फोडली जातात, त्याच्या माथ्यावर कुऱ्हाडीच्या खुणांची आता दाट जाळी झाली आहे, आणि अजून त्यातली एकही चीर पुरती आत गेलेली नाही.